डक्टमधली धूळ आणि श्वासातली धूळ

थंडीची चाहूल लागून हीटिंग सुरू करायचे दिवस आले की अमेरिकेत आणि कॅनडात घरोघरी एक फोन येऊ लागतो. पलीकडचा माणूस आदबीने सांगतो, "आमची गाडी तुमच्याच भागात आली आहे, पूर्ण घराचे डक्ट ९९ डॉलरमध्ये साफ करून देतो." गावातल्या फेसबुक गटांवरही हीच जाहिरात फिरत असते. सोबत दोन फोटो असतात. एकात करड्या धुळीने कोंदलेला डक्ट, दुसऱ्यात लखलखीत पत्रा. घरात दम्याचे मूल असेल, किंवा नुकतेच भारतातून आलेले आई-बाबा रात्री खोकत असतील, तर तो पहिला फोटो पाहून पोटात कालवते. आपण वर्षानुवर्षे याच नळांतून आलेली हवा घेतोय, या विचाराने माणूस फोन उचलतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक घरांना या सफाईची गरज नसते. काही घरांना मात्र नक्की असते, आणि आपले घर त्यांपैकी आहे का हे एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाइल हातात घेऊन बऱ्याच अंशी स्वतःच ठरवता येते. ते ठरवण्याआधी कोणाला बोलावू नये.

ज्यांचा मुक्काम पुण्या-मुंबईकडे आहे त्यांनी आधी ही रचना डोळ्यांसमोर आणायला हवी, कारण आपल्याकडच्या घरांत ती नसते. उत्तर अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत बेसमेंटमध्ये, ॲटिकमध्ये किंवा एखाद्या कपाटात फर्नेस आणि त्याचा मोठा पंखा असतो. उन्हाळ्यात गारवा देणारी एसीची कॉइलही त्याच वाटेवर बसवलेली असते. तिथून निघालेली गरम किंवा गार हवा पत्र्याच्या चौकोनी नळांतून नाहीतर लवचीक गोल नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या जाळीदार तोंडातून, म्हणजे व्हेंटमधून, बाहेर येते. ही झाली पुरवठ्याची बाजू. खोल्यांमधली हवा भिंतीतल्या किंवा छतातल्या मोठ्या जाळ्यांतून ओढली जाऊन पुन्हा पंख्याकडे जाते, ती परतीची बाजू. फिल्टर बसतो परतीच्या वाटेवर, पंख्याच्या आधी. काही जुन्या घरांत पाइपातून वाफ किंवा गरम पाणी फिरवणारे रेडिएटर असतात. तिथे डक्टच नाहीत, त्यामुळे हा प्रश्नही नाही.

हवेची ही दिशा नीट लक्षात घेतली की अर्धे कोडे सुटते. सगळ्यात जास्त धूळ परतीच्या डक्टमध्ये दिसते. ती कुठून आली? आपल्याच खोल्यांमधून. उद्या ती सुटून उडाली तरी पुढे जाताना तिला फिल्टर ओलांडावा लागतो. पुरवठ्याच्या डक्टमध्ये जाणारी हवा फिल्टरमधून गाळूनच गेलेली असते. फिल्टर धड बसवलेला असेल तर तिथे थर साचायला फारसा वाव उरत नाही.

दुसरी गोष्ट धुळीच्या वजनाची. पंख्याजवळ हवेचा वेग जास्त असतो. वळणांवर आणि रुंद भागांत तो मंदावला की जड कण खाली बसतात आणि पत्र्याला चिकटतात. जे हलके आहेत ते हवेबरोबर तसेच पुढे निघून जातात. म्हणजे डक्टमध्ये थर करून बसलेली धूळ तिथे टिकली आहे ती हवेबरोबर उडत नाही म्हणूनच. फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण त्या थरात मुक्काम करत नाहीत. ते खोलीच्या हवेत तरंगत असतात आणि ब्रश फिरवून हाती लागत नाहीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९७ मध्ये याच प्रश्नावर घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली. तिची भूमिका आजही तीच आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे कधीच सिद्ध झालेले नाही, आणि डक्ट मळले म्हणून घरातल्या हवेत धुळीचे कण वाढतात असेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही, असे ती स्पष्ट लिहिते. घरात कोणाला ॲलर्जी नाही, कोणाला कारण न सापडणारा त्रास होत नाही, डक्टमध्ये बुरशी किंवा धुळीचे ढिगारे दिसत नाहीत, कुबट वास येत नाही, तर सफाईची बहुधा गरज नाही, असा तिचा सल्ला आहे. परतीच्या जाळीवर थोडी धूळ दिसणे नेहमीचेच, ती जाळी पुसून घ्यावी, हेही त्यात आहे. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने सफाईच्या आधी आणि नंतर घरांमध्ये मोजमाप करून पाहिले. हवेतल्या कणांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, नळांतून वाहणाऱ्या हवेतही नाही.

उलट, काम धसमुसळेपणाने झाले तर बसलेली धूळ सुटते आणि जी आजवर गप्प पडून होती ती खोल्यांमध्ये येते. म्हणून "केले तर नुकसान काय?" हा युक्तिवाद मला पटत नाही.

मग सफाई कधी करावी? ईपीए तीन प्रसंग सांगते. पत्र्याच्या डक्टमध्ये किंवा यंत्राच्या आतल्या भागांवर डोळ्यांना दिसण्याइतकी भरपूर बुरशी असणे, डक्टमध्ये उंदीर किंवा किड्यांनी ठाण मांडणे, आणि धूळ-कचऱ्याने वाट तुंबून व्हेंटमधून प्रत्यक्ष कण बाहेर पडणे. उंदरांचे प्रकरण सरळ आहे. आधी त्यांची आत यायची वाट बुजवायची, कुरतडलेली नळी बदलायची, मग साफ करायचे.

तिसऱ्या प्रसंगात नव्या किंवा नुकत्याच तोडफोड करून सजवलेल्या घरांचा भरणा असतो. बांधकाम चालू असताना जमिनीतले व्हेंट उघडे राहतात. ड्रायवॉल घासताना उडालेली जिप्समची पांढरी भुकटी, लाकडाचा भुसा, खिळे, स्क्रू, कामगारांच्या खाण्याचे कागद असे सगळे त्यात पडते. न्यू जर्सीत आमच्या एका स्नेह्यांनी कोरे घर घेतले आणि दिवाणखान्यातल्या व्हेंटची जाळी उचलून पाहिली. ढोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी ड्रायवॉलचे मोठाले तुकडे आणि वाकलेले खिळे काढले. खाली पिठासारखी भुकटी होती आणि पंखा लागला की तिचे कण उन्हाच्या तिरपीत उठताना दिसत. अशा घरात सफाई करून घ्यावी, आणि बिल्डरनेच ती करून द्यावी यासाठी घराचा ताबा घेण्याआधी भांडावे.

बुरशीबद्दल मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण घाबरवण्याचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. बुरशीला ओल लागते. कोरड्या पत्र्यावर नुसत्या धुळीने ती धरत नाही. म्हणून डक्टमध्ये बुरशी सापडली तर पहिला प्रश्न ओल कुठून येते हा असतो. ह्यूस्टनसारख्या दमट हवेच्या गावी ॲटिकमधल्या गार डक्टवरचे इन्सुलेशन फाटले की त्याला घाम फुटतो. एसीच्या कॉइलवर तर उन्हाळाभर पाणी सुटतच असते. ते खालच्या तबकात पडून नळीने बाहेर जायला हवे. नळी तुंबली, तबक भरून राहिले की तिथे शेवाळी घाण धरते आणि कुबट वास घरभर पसरतो. अशा वेळी सगळे डक्ट घासणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कॉइल, तबक आणि निचऱ्याची नळी साफ व्हायला हवी, फाटलेले इन्सुलेशन बदलायला हवे. ओल राहिली तर घासलेली बुरशी पुन्हा उगवते. काचतंतूंचे अस्तर असलेले डक्ट भिजून बुरशीले असतील तर ते साफ होतच नाहीत, काढून नवे घालावे लागतात.

जाता जाता पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. तुमच्या स्प्लिट एसीला डक्ट नाहीत, पण ओली कॉइल आहे आणि तिच्यामागे फिरणारा ब्लोअर आहे. तिथे धूळ आणि पाणी एकत्र येते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर जेट पंपाने करून घेतलेली सर्व्हिस खरोखर उपयोगाची असते. मात्र दर वर्षी "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तो गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि आधी ती शोधायला हवी.

पुन्हा अमेरिकेतल्या घरात येऊ. छतातल्या व्हेंटभोवती काळसर वलय दिसले की डक्टवाला ते बुरशीचे लक्षण म्हणून दाखवतो. पुष्कळदा ती काजळी असते. व्हेंटमधून जोराने निघालेला झोत आजूबाजूची खोलीतली हवा ओढून घेतो आणि त्या हवेतले बारीक कण कडेच्या गार किंवा दमट छताला चिकटतात. म्हणजे तो डाग डक्टच्या आतला नसतो, खोलीतल्या हवेचा असतो. सुगंधी मेणबत्त्या जळतात त्या घरांत तो जास्त दिसतो. आपल्या घरांत त्यात उदबत्ती, धूप, कापूर आणि समईची भर पडते. बंद खिडक्यांच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ दोन उदबत्त्या लावल्या तर वर्षभरात छत ते सांगू लागते. देवाजवळचा दिवा बंद करा असे मी म्हणणार नाही. उदबत्ती लावताना जवळची खिडकी बोटभर उघडी ठेवली तरी बराच धूर बाहेर जातो.

आता स्वतः बघायचे ते कसे, ते सांगतो. पंखा बंद करावा. जमिनीतल्या व्हेंटची जाळी नुसती उचलली जाते, भिंतीतली किंवा छतातली दोन स्क्रूंवर असते. मोबाइलचा दिवा लावून हात आत घालावा आणि दोन्ही दिशांना फोटो काढावेत, एक लांबचा, एक जवळचा. पुरवठ्याचे निदान दोन व्हेंट आणि परतीची एक मोठी जाळी बघावी. करडी, मऊ, पातळ साय असेल तर काळजीचे कारण नाही, ती जवळपास प्रत्येक घरात असते. ढिगारे, बांधकामाचा कचरा, लेंड्या, ओलसर चकाकी, केसाळ ठिपके दिसले तर गोष्ट वेगळी. व्हेंटमधून कण उडतात अशी शंका असेल तर जुन्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा जाळीवर चिकटपट्टीने लावून दिवसभर हीटिंग चालू ठेवावे आणि संध्याकाळी फडक्यावर काय साचले ते बघावे. मग फिल्टर ओढून काढावा. त्याच्या चौकटीच्या कडेने, पंख्याच्या बाजूला, धुळीची रेघ दिसली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे असे समजावे. मला विचाराल तर या सगळ्या तपासणीत ही रेघ सगळ्यात जास्त सांगून जाते. फिल्टर मापाचा नसणे, बाणाची दिशा उलटी असणे, खाचेचे झाकण सैल असणे अशी तिची साधी कारणे असतात आणि ती पाच मिनिटांत दूर होतात.

डक्टचा दोष नसेल तर घरात खोकला आणि शिंका कशाने येतात? धुळीच्या ॲलर्जीत मोठा वाटा घरातल्या सूक्ष्म माइट किड्यांचा असतो. त्यांचे अन्न आपल्या त्वचेचे पापुद्रे, आणि वस्ती गादी, उशी, कार्पेट, सोफा इथे. पत्र्याच्या कोरड्या नळात त्यांना राहण्याजोगे काही नाही. चादरी आणि अभ्रे आठवड्याला १३० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ५४ सेल्सिअस, इतक्या गरम पाण्यात धुणे, गाद्या-उशांना माइट रोखणारी खोळ घालणे, घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवणे, या तीन गोष्टींवर डॉक्टर भर देतात. मुलाला दमा असेल तर ॲलर्जीतज्ज्ञाकडून नेमकी कशाची ॲलर्जी आहे ही चाचणी आधी करून घ्यावी. मांजराच्या कोंड्याची असेल तर त्यावर डक्टसफाई हा इलाज नाही.

दुसरा वाटा स्वयंपाकघराचा, आणि आपल्या घरांत तो लहान नाही. तेल कडकडीत तापवून घातलेली फोडणी, मिरच्यांचा ठसका, तव्यावरची भाकरी, तळण, या सगळ्यांतून अतिसूक्ष्म कण हवेत जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या एका प्रयोगघरात डेल्फीन फार्मर आणि मरीना व्हान्स यांच्या पुढाकाराने 'होमकेम' नावाचा मोठा प्रयोग झाला. शास्त्रज्ञांनी त्या घरात नेहमीसारखा स्वयंपाक केला, साफसफाई केली, थँक्सगिव्हिंगचे पूर्ण जेवणही रांधले आणि हवा मोजत राहिले. स्वयंपाकाच्या वेळी घरातले बारीक कण अतिप्रदूषित शहराच्या हवेइतके चढले. तिथे टर्की भाजली होती. पुरणपोळी आणि भज्यांच्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात कमी कण उठत असतील असे मानायला काही कारण दिसत नाही.

इथे एक गोष्ट कितीतरी जणांना घर घेऊन दहा वर्षे झाली तरी माहीत नसते. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात पंखा असतो. पुष्कळदा तो पंखा धूर बाहेर टाकत नाही. जाळीतून ओढून मायक्रोवेव्हच्या वरच्या फटींतून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. पंखा लावून त्या फटींसमोर हात धरावा. वारा लागला तर तुमच्या फोडणीचा धूर घरातच फिरतो आहे, आणि तिथून परतीच्या जाळीत ओढला जाऊन घरभर पोचतो. डक्टसफाईला मोजले असते तेवढे पैसे छतातून किंवा भिंतीतून खरोखर बाहेर धूर टाकणाऱ्या हूडसाठी बाजूला ठेवावेत. तोवर मागच्या शेगडीवर फोडणी करावी आणि खिडकी उघडी ठेवावी.

फिल्टरबद्दलही थोडे खोलात जायला हवे, कारण रोजच्या रोज हवा गाळतो तो तोच. त्याची पारख मर्व्ह नावाच्या अंकाने होते. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळणारा, आरपार दिसणारा काचतंतूंचा फिल्टर यंत्राचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. मर्व्ह १३ चा फिल्टर एक ते तीन मायक्रॉनचे निदान ८५ टक्के कण आणि त्याहून बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण अडवतो. ईपीए मर्व्ह १३, किंवा आपल्या यंत्राला झेपेल तितका वरचा अंक, वापरायला सांगते. झेपेल हा शब्द महत्त्वाचा आहे. एक इंच जाडीच्या खाचेत दाट फिल्टर घातला तर जुना पंखा दमतो, म्हणून यंत्राची पुस्तिका पाहावी किंवा दर वर्षी येणाऱ्या तंत्रज्ञाला विचारावे. तुंबलेला फिल्टर बदलला तर एसीचा वीजखर्च ५ ते १५ टक्के घटू शकतो, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. पंखा फिरत असेल तेव्हाच फिल्टर काम करतो, हेही ध्यानात ठेवावे. घरात धूर असेल त्या दिवशी थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑटो'वरून 'ऑन'वर करावा.

धुराचे असे दिवस आता नवे राहिलेले नाहीत. ९ सप्टेंबर २०२० ला वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्को परिसरात दिवसाढवळ्या नारिंगी अंधार पडला. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला. अशा दिवसांनंतर डक्टसफाईवाल्यांचे फोन वाढतात. घर आगीच्या जवळ असून आत राख आली असेल तर डक्ट उघडून बघावेत. नुसता दूरचा धूर आला असेल तर फिल्टर बदलावा, आणि धूर असतानाच हवा गाळण्याची सोय करावी. त्यासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने ओळखली जाणारी पेटी २०२० पासून घरोघर बनते आहे. मर्व्ह १३ चे चार-पाच फिल्टर खोक्याच्या आकारात चिकटपट्टीने जोडायचे आणि वर साधा चौकोनी पंखा बसवायचा. शाळकरी मुले ती अर्ध्या तासात बनवतात, आणि एका खोलीपुरते तिचे काम चोख असते.

डक्टवर पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गळती बुजवण्यावर करावेत. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणारी २० ते ३० टक्के हवा भोकांतून आणि सैल जोडांतून वाया जाते. विजेचे बिल हा त्यातला एक भाग झाला. परतीच्या डक्टला ॲटिकमध्ये किंवा बेसमेंटमध्ये फट असेल तर पंखा तिथली हवा, इन्सुलेशनचे तंतू आणि कुबट वास आत ओढतो. घर सारखे धुळकट होते अशा तक्रारीमागे हे कारण अनेकदा निघते आणि सफाईने ते जात नाही. जोडांवर मॅस्टिक नावाचा लेप किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावतात. दुकानात डक्ट टेप म्हणून मिळणारी कापडी पट्टी इथे वापरू नये. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतले मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या पट्ट्यांची कसोटी घेतली, त्यात डक्टच्या उष्णतेने तीच सुटून आली.

आणखी एक नळी आहे, ती साफ करण्याबाबत मात्र अजिबात हयगय करू नये. कपडे वाळवण्याच्या ड्रायरची. तिच्यात कापडाचे तंतू साचतात, हवा अडते, ड्रायर तापतो आणि तंतू पेट घेतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या आकडेवारीवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे घरांत वर्षाला सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागतात, आणि सफाई न करणे हे त्यांचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की नळी मागून काढून झाडावी. ती भिंतीतून लांबवर किंवा छतापर्यंत जात असेल तर माणूस बोलवावा. हा खर्च मी बिनदिक्कत करायला सांगेन.

आता, बघितले, कचरा सापडला, सफाई करायचीच आहे. तर काम कसे होते ते माहीत हवे. चांगला कारागीर फर्नेसजवळ मुख्य डक्टला भोक पाडून मोठ्या व्हॅक्यूमची नळी जोडतो. बाकी व्हेंट झाकून सगळी यंत्रणा ओढीखाली ठेवतो आणि एकेक नळ ब्रशने किंवा दाबाच्या हवेने झोडपत कचरा व्हॅक्यूमकडे आणतो. व्हॅक्यूमची हवा घरातच सुटणार असेल तर त्याला हेपा फिल्टर लागतो, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो. कॉइल, पंखा, तबक हेही त्याच कामात साफ व्हायला हवेत. शेवटी पाडलेली भोके पक्की बुजवून इन्सुलेशन पूर्ववत करायला हवे. या कामाला काही तास लागतात, आणि ईपीएच्या पुस्तिकेत एका यंत्रणेचा खर्च ४५० ते १,००० डॉलर दिला आहे. ९९ डॉलरमध्ये ते होत नाही. त्या पैशांत माणूस दुकानी व्हॅक्यूम घेऊन येतो, चार जाळ्यांमध्ये नळी फिरवतो आणि मग मोबाइलवर काळ्या बुरशीचा फोटो दाखवून हजार-दीड हजारांचे काम सांगतो. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या बेटर बिझनेस ब्युरोने या प्रकाराबद्दल ग्राहकांना वेळोवेळी सावध केलेले आहे. म्हणून आपण आधी काढून ठेवलेले फोटो जवळ असावेत. फोटो तुमच्याच डक्टचा असेल तर जागेवर नेऊन दाखव, असे सांगायला संकोच करू नये. दुपारी घरी फक्त आई-बाबा असतील तर असे काम त्या वेळी ठरवूच नये. त्यांना इंग्रजीतून नाही म्हणायला अवघड जाते, आणि घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची भीड तर आपल्या पिढीलाही पडते.

टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांचा बुरशीबाबतचा एक नियम इतरांनीही उचलण्याजोगा आहे. तिथे मोठ्या बुरशीची तपासणी करणारा आणि ती काढणारा परवानाधारक एकाच कामावर एकच असू शकत नाही. आपल्या राज्यात कायदा नसला तरी घरापुरता हा नियम आपण पाळू शकतो. काही राज्यांत डक्टसफाईलाही परवाना लागतो, तो विचारावा. राष्ट्रीय संघटना नाडका १९८९ पासून आहे, तिची प्रमाणपत्रे काम शिकलेला माणूस ओळखायला उपयोगी पडतात. मात्र ही संघटना व्यावसायिकांची आहे, सफाईसाठी तिने सांगितलेली तीन ते पाच वर्षांची मुदत प्रत्येक घराला लागू पडतेच असे नाही. ईपीए ठराविक मुदत सांगत नाही आणि कोणत्याही कंपनीला मान्यताही देत नाही. "आम्ही ईपीएमान्य आहोत" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

आत जंतुनाशक फवारून देतो म्हणाला तर नको म्हणावे. काचतंतूंच्या डक्टसाठी अशी रसायने मंजूरच नाहीत, आणि पत्र्याच्या डक्टमध्ये फवारलेले शेवटी आपल्याच श्वासात येते. ओझोन सोडण्याला तर साफ नकार द्यावा, कारण तो वायू फुप्फुसांना त्रासदायक आहे. तुमचे डक्ट कशाचे आहेत तेही आधी बघावे. ॲटिकमधल्या लवचीक प्लॅस्टिकच्या नळ्या फिरत्या ब्रशने फाटतात, काचतंतूंच्या पुठ्ठ्याचे डक्ट घासले तर तंतू सुटतात. घर १९८० च्या आधीचे असेल आणि डक्टच्या जोडांवर पांढरी, कागदासारखी जुनी पट्टी असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिला कोणालाही हात लावू देऊ नये, आधी तपासून घ्यावी.

काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी पुन्हा जाळी उघडून त्याच जागांचे फोटो काढावेत. कॉइल उघडून दाखवायला सांगावी. शक्यतो क्रेडिट कार्डने पैसे द्यावेत, काम बिघडले तर दाद मागायला वाव राहतो. वार्षिक कराराचा कागद पुढे आला तर सही करू नये.

फर्नेसची दर वर्षीची तपासणी ही वेगळी गोष्ट, तिची आणि डक्टसफाईची गल्लत करू नये. गॅसवर किंवा तेलावर चालणारे फर्नेस हिवाळ्याआधी जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायलाच हवे, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड गळू शकतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म असावा आणि त्याची बॅटरी चालू आहे ना हे फिल्टर बदलण्याच्याच दिवशी बघून घ्यावे.